आगगाडीची जुनी चित्रे आणि जपून ठेवलेली पाने



घरात वर्तमानपत्रांचा गठ्ठा वाढू लागला म्हणजे त्याचे काय करायचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. महिनाअखेरीस रद्दीवाला येतो, गठ्ठा काट्यावर चढतो, आणि मग त्यातले पान वाण्याच्या पुडीत गेले की भेळवाल्याच्या गाडीवर, याची चौकशी कुणी करीत नाही. वर्तमानपत्राचे आयुष्य एक दिवसाचे आणि साप्ताहिकाचे आठ दिवसांचे. छापणाऱ्याचीदेखील त्याहून जास्त अपेक्षा नसते. असे असताना जगात काही माणसे अशी आहेत, की जी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची साप्ताहिके शोधून काढतात, झटकून पुसून जपून ठेवतात. आणि त्यांतली काही तर एकाच विषयामागे लागलेली असतात. तो विषय म्हणजे पहिल्या पहिल्या आगगाड्या आणि त्यांतून प्रवास करणारी माणसे.

आज या छंदाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. छंद म्हटला म्हणजे तो पैसेवाल्यांचा रिकामपणचा उद्योग, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वाटू द्या, पण थोडा वेळ ऐकून घ्या. कारण या छंदातला एक प्रश्न असा आहे, की तो लंडनच्या दुकानातून निघून थेट तुमच्या गावच्या वाचनालयाच्या कपाटापर्यंत आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीपर्यंत येऊन पोचतो.

प्रथम ही साप्ताहिके कोणती, ते पाहू. आगगाडी आणि सचित्र साप्ताहिक ही दोन भावंडेच म्हणायला हरकत नाही. त्यांतली आगगाडी थोरली. इंग्लंडात स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन या गावांमधला लोहमार्ग २७ सप्टेंबर १८२५ रोजी सुरू झाला. पुढे १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर हा मार्ग खुला झाला. त्याच दिवशी विल्यम हस्किसन नावाचे पार्लमेंटचे एक मोठे सभासद इंजिनाखाली सापडले आणि मरण पावले. म्हणजे उद्घाटन आणि अपघात एकाच दिवशी! केवढी मोठी बातमी! परंतु त्या काळच्या दैनिकांत पाहावे, तर अक्षरांचे रकानेच्या रकाने. चित्र अगदी क्वचित. यंत्रांची आवड असणाऱ्यांसाठी ‘मेकॅनिक्स मॅगझीन’ नावाचे एक साप्ताहिक होते. १८२९ साली रेनहिल येथे इंजिनांची शर्यत झाली, आणि जॉर्ज स्टीफन्सन व त्यांचा मुलगा रॉबर्ट यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने ती जिंकली. त्या इंजिनांची चित्रे या साप्ताहिकाने छापली. १८३२ साली ‘पेनी मॅगझीन’ निघाले. एका पेनीत ज्ञान आणि चित्रे मिळू लागली. पण ती बातमीची चित्रे नव्हेत.

बातमीला चित्राची जोड देण्याची कल्पना हर्बर्ट इन्ग्रॅम या माणसाची. नॉटिंगहॅम शहरात त्याचे छपाईचे आणि वर्तमानपत्रे विकण्याचे दुकान होते. ज्या दिवशी एखाद्या पत्रात चित्र असेल, त्या दिवशी ते पत्र हातोहात खपते, ही गोष्ट त्याने गल्ल्यावर बसून ओळखली. मोठ्या विद्वानाला जे सुचले नाही, ते दुकानदाराला सुचले. १४ मे १८४२ रोजी त्याने लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. पाने सोळा, चित्रे बत्तीस, किंमत सहा पेनी. पहिल्या अंकाच्या सव्वीस हजार प्रती खपल्या. पुढे १८५५ च्या सुमारास हा आकडा आठवड्याला दोन लाखांवर गेला.

आणि योगायोग पाहा. त्या पहिल्याच अंकात आगगाडीची बातमी होती, आणि ती आनंदाची नव्हती. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीला अपघात झाला. डबे एकमेकांवर चढले आणि त्यांना आग लागली. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद असत. प्रवाशांना बाहेर पडता येईना, आणि पन्नासाहून अधिक माणसे आत जळून मेली. त्यानंतर फ्रान्समध्ये डब्यांना कुलूप लावण्याची चाल बंद झाली. पुढच्याच महिन्यात, १३ जून १८४२ रोजी, व्हिक्टोरिया राणीने स्लाऊ ते पॅडिंग्टन असा आपला पहिला आगगाडीचा प्रवास केला. तेव्हा ते साप्ताहिक जेमतेम महिनाभराचे होते. सचित्र बातमीपत्र जन्माला आले, ते असे आगगाडीच्या ऐन गडबडीत.

या दोघांनी एकमेकांना पोसले, असेही म्हणता येईल. आगगाडीने साप्ताहिकाला रोज नवा विषय दिला. कुठे पूल झाला, कुठे बोगदा झाला, कुठे गाडी रुळावरून घसरली. उलट साप्ताहिकांचे गठ्ठे गावोगाव नेण्याचे काम आगगाडीने केले, आणि प्रवासात वेळ घालवायला वाचन हवे, अशी गरजही तिनेच निर्माण केली. १८४८ साली लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी पुस्तकांचे दुकान मांडले. आपल्याकडे फलाटावर ‘व्हीलर’ची पाटी तुम्ही पाहिली असेल. त्या दुकानाचा आरंभ १८७७ साली अलाहाबादला झाला. इकडे इन्ग्रॅमचे पाहून इतरांनीही तशी पत्रे काढली. १८४३ साली पॅरिसला ‘इलुस्त्रासियाँ’ आणि लाइपझिग येथे ‘इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग’ निघाले. अमेरिकेत १८५५ साली फ्रँक लेस्ली यांचे आणि १८५७ साली हार्पर यांचे साप्ताहिक आले. १८६९ साली लंडनमध्येच ‘ग्राफिक’ सुरू झाले. जुनी आगगाडी शोधणारा संग्राहक मुख्यत्वे या पत्रांच्या मागे असतो.

आता ही चित्रे छापत कशी, ते ऐका. शिक्षक मंडळींना वर्गात सांगण्यासारखी ही गोष्ट आहे. छायाचित्राचा शोध १८३९ सालीच जाहीर झाला होता. पण छायाचित्र थेट अक्षरांबरोबर छापण्याची सोय व्हायला पुढे कित्येक दशके गेली. तोपर्यंत सगळा भार लाकडावर. बॉक्सवूड नावाचे एक फार कठीण, दाट लाकूड असते. त्याच्या खोडाची आडवी चकती घ्यायची, घासून गुळगुळीत करायची, आणि तिच्यावर पोलादी अणकुचीदार हत्याराने बारीक रेघा कोरायच्या. जेवढे कोरले तेवढे पांढरे राहणार, उरले तेवढ्याला शाई लागणार. अडचण अशी, की या झाडाचे खोड फार बारीक. पानभर चित्राला पुरेल एवढा ठोकळा त्यातून निघायचा नाही. म्हणून लहान लहान ठोकळे मागून नट-बोल्टांनी आवळून एक मोठा ठोकळा करीत. त्यावर चित्रकार सगळे चित्र काढी. मग बोल्ट सोडून ठोकळे सुटे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा. कुणी आकाश कोरतो आहे, कुणी इंजिन, कुणी माणसांची तोंडे. रात्रभर दिवे लावून कामे चालत. सकाळी तुकडे पुन्हा आवळायचे, सांध्यावरून जाणाऱ्या रेघा मुख्य कारागिराने जुळवायच्या, आणि ठसा छापखान्यात पाठवायचा. घाई झाली, की सांधा नीट बसत नसे. म्हणून या चित्रांत पुष्कळदा केसासारखी बारीक पांढरी उभी-आडवी रेघ दिसते. नवशिका म्हणतो, पान मुडपले आहे. जाणता माणूस म्हणतो, हा ठोकळ्याचा सांधा. म्हणजे चित्र अस्सल आहे. दोष होता खरा, पण आज तोच ओळख पटवून देतो.

बरं, एवढे करून या चित्रांत पाहायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे माणसे. १८४७ साली एप्समच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या प्रवाशांची चित्रे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापली. त्यांत पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि तिसरा वर्ग एकाखाली एक दाखवले आहेत. वर गादीवर ऐसपैस बसलेले लोक, मध्ये अंग चोरून बसलेले, आणि खाली दाटीवाटीने भरलेले. एका पानात सबंध समाजाची उतरंड! हे पाहायला इंग्रजी यावे लागत नाही.

तिसऱ्या वर्गाची हकीकत तर अधिक गंभीर आहे. आरंभी तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे उघडा हौदा. बाजाराच्या दिवशी ट्रकच्या हौद्यात उभे राहून आपली माणसे तालुक्याला जातात, तसेच. वर छप्पर नाही, बाजूच्या फळ्या कमरेएवढ्यादेखील नाहीत. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे सॉनिंग येथे खोदलेल्या खिंडीत पावसाने दरड कोसळली होती. तिच्यावर गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे पुढे इंजिन आणि मागे मालाचे डबे यांच्यामध्ये जोडलेले होते. माणसे बाहेर फेकली गेली. एकंदर नऊ जण मेले. त्यांत पुष्कळसे गवंडी होते. लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीचे काम करून ते नाताळसाठी घरी निघाले होते. पुढे १८४४ साली कायदा झाला. प्रत्येक कंपनीने दररोज निदान एक गाडी तरी अशी सोडावी, की जिचे भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नसेल, जी प्रत्येक स्थानकावर थांबेल, जिचा वेग ताशी बारा मैलांहून कमी नसेल, आणि जिच्या डब्यांना छप्पर असेल. छप्पन पौंड सामान फुकट. गरिबाच्या डोक्यावर छप्पर यायला एवढे व्हावे लागले. आता १८४० नंतरच्या आठ-दहा वर्षांची चित्रे ओळीने लावून पाहिली, तर हे छप्पर हळूहळू येताना डोळ्यांना दिसते. एकच चित्र पाहून ते कळणार नाही. ओळीने पाहिली तरच कळेल. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे थट्टा. १८४१ साली निघालेले ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक आगगाडी कंपन्यांच्या पाठीस लागलेले असे. १८४५ च्या सुमारास आगगाडीच्या शेअरांचे वेड इंग्लंडभर पसरले आणि हजारो कुटुंबे बुडाली. त्याची व्यंगचित्रे ‘पंच’मध्ये आहेत. १८५३ साली त्याने अपघात टाळण्याचा एक नामी उपाय चित्रातून सुचवला: प्रत्येक इंजिनाच्या पुढच्या बाजूला कंपनीच्या एक-दोन डायरेक्टरांना बांधून ठेवावे! हसू येते, पण ज्या समाजात अशी चित्रे निघतात, तिथे लोकांच्या मनात काय खदखदत होते, तेही कळते.

त्याच १८५३ साली, १६ एप्रिलला, आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि तोफांची सलामी. मुंबईतून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांनी या कामासाठी आधीपासून खटपट केली होती, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्या काळी मुंबईची बातमी लंडनला पोचायची ती बोटीने, सुएझच्या वाटेने. तिला महिनाभर तरी लागे. तिकडे चित्र कोरले जाई ते इकडून गेलेल्या रेखाटनावरून किंवा छायाचित्रावरून. कोरणाऱ्याने हिंदुस्थान कधी पाहिलेला नसे. १८६३ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये हिंदुस्थानातील प्रवासाच्या तऱ्हा दाखवणारे एक चित्र आले. त्यात हत्ती, पालखी, बैलगाडी अशी जुनी वाहने आणि त्यांच्याबरोबर आगगाडी. परक्या डोळ्यांना आपल्यातले काय नवलाचे वाटले, ते त्यात दिसते. आणि काय दिसले नाही, तेही त्यावरूनच ताडता येते.

याच १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ. पंचवीस बोगदे. वाटेत एका ठिकाणी गाडीला तोंड फिरवून उलट दिशेने चढावे लागे. १८५९ साली या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, ठेका सोडला नाही. दोन इंजिनियर हाताशी धरून तिने काम पुरे करवून घेतले. कामाच्या भरात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या घाटात राबत होते. त्यांतले किती तरी पटकीने आणि तापाने गेले. आता घाटाची चित्रे पाहावीत, तर त्यांत पूल भव्य, डोंगर भव्य. आणि मजूर दिसला तर कोपऱ्यात मुंगीएवढा. म्हणून चित्र पाहताना मध्ये काय आहे ते पाहावेच. पण कडेला काय ढकलले आहे तेही पाहावे. आपल्या आजे-पणज्यांपैकी कुणी त्या कडेलाच उभे असेल.

इथे आणखी एक सावधगिरी सांगून ठेवतो. छापले म्हणजे खरे, असे समजू नये. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या पहिल्याच अंकात हँबर्ग शहराला लागलेल्या भयंकर आगीचे मोठे चित्र आहे. ती आग काही चित्रकाराने पाहिली नव्हती. ब्रिटिश म्युझियममधले हँबर्गचे एक जुने चित्र घेतले, त्याची नक्कल केली, आणि तिच्यात ज्वाळा व धूर भरून दिले! तेव्हा मुलांना असे चित्र दाखवताना पहिला प्रश्न हा विचारावा: हे काढणारा माणूस तिथे होता का? चित्राबरोबरचा मजकूर वाचला, तर पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर सापडते. रेखाटन कुणी पाठवले, ते तिथे दिलेले असते.

आणि आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. हा मजकूर हल्ली नाहीसा होतो आहे. कसा, ते सांगतो. ही साप्ताहिके त्या वेळी सहा सहा महिन्यांची एकत्र बांधून ठेवत. जानेवारी ते जूनचा एक खंड, जुलै ते डिसेंबरचा दुसरा. पुढे अनुक्रमणिका, वर कापडी किंवा चामडी बांधणी. असा खंड जुन्या पुस्तकांच्या बाजारात आला, की विकणारा हिशेब करतो. सबंध जाडजूड खंड घेणारा शंभरात एक. पण त्यातली चित्रे ब्लेडने कापून, एकेक चौकटीत बसवून विकली, तर गिऱ्हाईक भरपूर, आणि बेरीज खंडाच्या किमतीहून किती तरी जास्त. तेव्हा तो खंड फोडतो. आगगाडीचे चित्र एकाच्या दिवाणखान्यात जाते, घोड्याचे दुसऱ्याच्या, आणि उरलेली नुसत्या अक्षरांची पाने रद्दीत. म्हणजे ज्या रद्दीतून कुणीतरी पावणेदोनशे वर्षे हा खंड वाचवला, तिथेच तो परत जातो.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. चित्र तर राहिलेच ना? राहिले, पण मुके झाले. कापलेल्या चित्राला तारीख नसते. ते कुणी पाठवले, कशासाठी छापले, त्या अपघाताच्या चौकशीत पुढे काय निघाले, हे सगळे शेजारच्या पानावर होते. मघाशी तिसऱ्या वर्गाचे छप्पर हळूहळू येताना दिसते म्हणालो, ते ओळीने लावलेल्या अंकांमुळे. ओळ तुटली, की छप्पर असलेला एक डबा आणि नसलेला एक डबा, एवढेच हाती राहते. त्यांच्यामधले मेलेले गवंडी आणि झालेला कायदा दोन्ही गळून पडतात. म्हणून खऱ्या संग्राहकाचा एक नियम आहे: सबंध खंड मिळाला तर तो कधी फोडायचा नाही, आणि फोडलेले पान घ्यावे लागलेच तर त्याच्या मागची बाजू आणि कडेवरची तारीख-पृष्ठांक सांभाळायचा.

घेणाऱ्याने काही खुणाही लक्षात ठेवाव्यात. १८४०-५० च्या काळातले या साप्ताहिकातले आगगाडीचे चित्र रंगीत दिसले, तर तो रंग जवळजवळ नेहमीच मागाहून कुणीतरी हाताने भरलेला असतो. या पत्राने पहिली रंगीत पाने दिली ती १८५५ च्या नाताळात. दुसरी खूण मागच्या बाजूची. अस्सल पानाच्या पाठीवर बहुधा मजकूर किंवा दुसरे चित्र असते, आणि त्याची काळी सावली पुढे थोडी उमटलेली असते. पाठ अगदी कोरी आणि कागद गुळगुळीत असेल, तर तपासून पाहावे. तिसरी खूण घडीची. जोडपानावरचे चित्र असेल, तर मध्ये शिवणीची घडी असायचीच. आणि चौथी कागदाची. १८५० सालचा कागद पुष्कळदा १९५० सालच्या कागदापेक्षा पांढरा आणि चिवट असतो. गंमत वाटेल, पण कारण साधे आहे. तो कागद कापडाच्या चिंध्यांपासून केलेला असे. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला; तो आपल्याच आम्लाने पिवळा पडतो आणि पापडासारखा मोडतो.

यावरून आपल्याला एक गोष्ट कळायला हवी. लंडनचा १८५० चा अंक टिकेल. आपली जी मराठी मासिके आणि साप्ताहिके लगद्याच्या कागदावर छापली गेली, ती आपण काही केले नाही तर टिकणार नाहीत. आपल्याकडेही या कामाची थोर परंपरा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ सालचे, ‘ज्ञानोदय’ १८४२ सालचा, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ सालचा. म्हणजे आगगाडी यायच्या आधीपासून मराठी वाचकाला नियतकालिक ठाऊक होते. चित्रांच्या बाबतीत म्हणाल, तर पुण्याच्या चित्रशाळेने १९१० साली ‘चित्रमय जगत’ काढले. त्याआधी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक दिला. यांचे जुने अंक, गावातल्या कुणा वकिलाच्या, मास्तरांच्या, इनामदारांच्या माडीवर किंवा वाचनालयाच्या वरच्या फळीवर आजही निघू शकतात. लंडनच्या साप्ताहिकांची पाने यंत्राने टिपून संगणकावर घातलेली आहेत; एक प्रत फोडली तरी दुसरीकडे तिचे चित्र तरी आहे. आणि ते तरी का आहे? कुणीतरी सबंध खंड सांभाळले म्हणूनच. तुमच्या गावच्या माडीवरचा अंक मात्र कदाचित कुठेच टिपलेला नसेल. तो गेला की गेला.

तेव्हा काय करावे? खर्चाचे काही सांगत नाही. जुना गठ्ठा सापडला, तर आधी तो कोरड्या, सावलीच्या जागी आणावा. ऊन दाखवू नये. कागद उन्हाने भाजतो. मऊ ब्रशने धूळ झाडावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. दहा वर्षांत ती पिवळी होते आणि कागदालाही खाते. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून घेण्याची टूमही पुष्कळ शाळांत आहे. तीही टाळावी, कारण त्यातून कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात, जुन्या पोथ्यांसारखे, बांधून ठेवावे. गठ्ठा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. वाळवी तिथूनच येते. कडुनिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून जवळ ठेवण्याची आपल्या आजीची रीत चांगली आहे. पण पाने थेट कागदांत घालू नयेत, डाग पडतात. पावसाळा संपला, की एकदा सगळे सोडून पाहावे. कसर लागली असेल तर तेव्हाच कळते. नाव-तारीख लिहायची, ती शिसपेन्सिलीने. आणि शाळेचा शिक्का चित्राच्या मधोमध मारू नये, एवढी विनंती!

शिक्षक मित्रांना आणखी एक सुचवतो. एका वहीत यादी करा: अंकाचे नाव, महिना, साल, किती पाने शिल्लक, कुणाकडून मिळाला. ही वहीच पुढे सोन्याच्या मोलाची होते. आपल्याला सांभाळणे झेपत नसेल, तर पुण्याचे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे आणि मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्थांना पत्र घालून विचारावे. मोबाइल फोन आता खेड्यातही आहे. पानांची छायाचित्रे घेऊन ठेवा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, जाहिरातींसकट. जाहिराती टाकून देण्याची चूक लंडनच्या बांधणीवाल्यांनीही केली. अंकाची वरची जाहिरातींची पाने काढून ते खंड बांधीत. त्या वेळी कोट किती शिलिंगांना मिळे आणि औषध कशावर घेत, हे आज त्या पानांतूनच कळले असते.

आणि मुलांना घेऊन एक तास हाच खेळ करा. एखादे जुने चित्र पुढे ठेवा. कुणी काढले? तो तिथे होता का? मधोमध कोण आहे, कडेला कोण आहे? हे चित्र पाहून कुणाला आनंद झाला असेल, कुणाला राग आला असेल? याच्या आधीच्या आणि नंतरच्या अंकात काय असेल? पाच प्रश्न पुरेत. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. तो मुलाला सुचू लागला, की एक सुटे पान पुरत नाही, ओळ हवी, हे त्याला आपोआप उमगेल.

श्रोते हो, गावात कुणाचे जुने घर पाडायला काढले, की कौले, वासे, खिडक्या यांचा लिलाव होतो; माळ्यावरचे कागद मात्र कुणी विचारीत नाही. पुढच्या वेळी ते विचारायला तुम्ही जा. एखादे पोते घरी आणलेत, त्यातले अंक तारखेने लावलेत आणि यादी केलीत, तरी काम झाले. त्यात आगगाडी निघेल, दुष्काळ निघेल, तुमच्याच तालुक्याची बातमी निघेल. काय निघाले ते कळायला ती पाने आधी सबंध राहायला हवीत.